शून्य धूरवर्षे

कुरणवाडीत पन्नाशीच्या पुढची तीनशे बारा माणसं राहतात आणि त्यांतल्या एकानंही जन्मात बिडी ओढलेली नाही. हे आपलं म्हणणं नव्हे, सरकारी नोंद तसं सांगते. वेशीवर फलकही आहे: 'तंबाखूमुक्त गाव कुरणवाडी आपले स्वागत करीत आहे.' रोज सकाळी सात ते नऊ या फलकाच्या खांबाला पाठ टेकून चार म्हातारे बिड्या ओढत बसतात. खांब रुंद आहे आणि फलकाची सावलीही पडते.

नोंद केली होती गावच्या आशाताईनं, म्हणजे आरोग्यसेविकेनं, सारिका चौगलेनं. चौदा वर्षांपूर्वी, २०२७ साली घरोघर आरोग्याची पाहणी झाली, तेव्हा सारिका अठ्ठावीस वर्षांची होती. आशा त्याच गावची सून असावी, असा दंडक. लेक लग्न होऊन निघून जाते, सून गावातच राहते. हिशेब अगदी बरोबर होता. फक्त तो मांडणाऱ्यांपैकी कुणाला कधी सून व्हावं लागलं नव्हतं. अर्धी कुरणवाडी चौगले-खोराट्यांच्या भावकीची. म्हणजे सारिका ज्या घरात वही घेऊन शिरायची, त्या घरात एक तरी चुलत सासरा बसलेला असायचाच.

पहिलंच घर केरबा खोराट्यांचं लागलं. तिचा पदर दिसताच केरबाअण्णांनी बिडी पाठीमागं नेली. तिनं उंची विचारली, वजन विचारलं, साखर विचारली. प्रश्न नववा होता: 'आपण विडी किंवा सिगारेट ओढता का? रोज किती?' अण्णांच्या पाठीमागून धुराची बारीक रेघ छपराकडं निघाली होती. अण्णा छपराकडं बघत होते, सारिका वहीकडं. तिची जीभ उचलेना. तिनं मुकाट्यानं 'नाही'वर खूण केली आणि दहावा प्रश्न विचारला. दुसऱ्या घरी तसंच झालं. तिसऱ्या घरापासून तो रिवाज झाला. महिनाभरात वही शून्यांनी भरली. वर्षभरात फलक लागला आणि फलकाच्या कोपऱ्यात त्या वेळच्या तरुण सरपंचाचं, म्हणजे केरबाअण्णांच्याच मुलाचं, बाबासो खोराट्यांचं नाव आलं. ते अजून सरपंच आहेत.

स्वतःच्या घरी तर विचारायचा प्रश्नच नव्हता. सारिकाचे सासरे आकाराम चौगले, ज्यांना घरदार तात्या म्हणतं, ते परसात न्हाणीच्या भिंतीआड बिडी ओढायचे. सारिका लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून परसात जाण्याआधी बादलीची कडी दोनदा खणखणवायची. तात्या खोकायचे, बिडी भिंतीला विझायची, मग सारिका दार उघडायची. बावीस वर्षं दोघांनी हा व्यवहार चोख सांभाळला. त्याबद्दल एक शब्दही कधी कुणी काढला नाही.

आणि मग गावात फुगा आला.

*

फुग्याचं कागदोपत्री नाव 'श्वासवेध'. पांढऱ्या गाडीत एक यंत्र असायचं आणि त्याला जोडलेली पारदर्शक पिशवी. माणसानं तीत दहा वेळा खोल श्वास सोडायचा. आपल्या श्वासात हजारभर द्रव्यं वायुरूपात तरंगत असतात, तीही इतकी विरळ की नाकाला पत्ता लागत नाही. फुप्फुसात कर्करोगाची गाठ धरू लागली, की तिथल्या पेशी साखर आणि चरबी वेगळ्याच घाईनं जाळतात, आणि त्या घाईचा माग श्वासात उमटतो. यंत्र तो माग हुंगायचं आणि शंभरपैकी एक आकडा द्यायचं.

पण एकट्या आकड्यावर भागत नव्हतं. चुलीचा धूर, गुऱ्हाळाची भट्टी, जुना दमा यांचेही माग तसेच दिसतात. पहिल्या वर्षी यंत्रानं शहरांतून शेकडो निरोगी माणसांना घाबरवलं. कित्येकांच्या छातीत उगाच सुया घातल्या गेल्या. मग यंत्राला शहाणपण शिकवलं: श्वास एकटा मोजू नको, माणसाचा इतिहासही तोल. त्यासाठी 'धूरवर्ष' हे माप आलं. रोज एक पाकीट किंवा बंडल, असं वर्षभर ओढलं की एक धूरवर्ष. ज्याच्या नावावर वीस किंवा अधिक धूरवर्षं, त्याचा आकडा पन्नासच्या वर गेला की दिवा लाल. ज्याच्या नावावर शून्य, त्याला पंच्याऐंशीपर्यंत हिरवा. लाल दिवा लागला तरच गाडीतलं छातीचं छेदचित्र, म्हणजे सीटी स्कॅन, घेणारं यंत्र उघडायचं. रचना शहाणी होती. खरा इतिहास मिळाला, तर फार शहाणी.

गाडी कुरणवाडीत तीन दिवस थांबणार होती आणि नंतर थेट दोन वर्षांनी येणार होती. गाडीबरोबर डॉक्टर निखत मुजावर होत्या, तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. पहिल्या दिवशी तात्या खुर्चीत बसले, तेव्हा सारिका यादी घेऊन गाडीच्या पायरीवर उभी होती.

"आजोबा, बिडी किती ओढता?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"खोटं कशाला बोलू बाई, लई..." तात्यांची नजर पायरीवर गेली. "लई वंगाळ सवय ती. कधीच न्हाई."

तात्यांनी फुंकलं. पडद्यावर आकडा आला एकसष्ट. शेजारी नोंद: धूरवर्षे शून्य. दिवा हिरवा लागला. तात्यांनी टोपी सारखी केली आणि परीक्षेत पास झाल्यागत उतरून गेले.

डॉक्टर पडद्याकडं बघतच राहिल्या. "काल शेजारच्या गावात एक गृहस्थ होते. आकडा अठ्ठावन्न, धूरवर्षं तीस. दिवा लाल. छेदचित्रात गाठ निघाली, छोटी. वेळेवर सापडली." त्यांनी सारिकाकडं पाहिलं. "हे आजोबा कधीच ओढत नाहीत ना?"

सारिका म्हणाली, "नोंदीत तसंच आहे."

"नोंद कुणी केली?"

"मी."

डॉक्टरांनी पुढच्या माणसाला बोलावलं. ते सारिकाला जास्त लागलं.

*

दुपारी तिनं नोंद-दुरुस्ती कक्षाला फोन लावला. यंत्राचा गोड आवाज आला: "आपली प्रत्येक नोंद आमच्यासाठी मोलाची आहे." त्यानंतर चाळीस मिनिटं त्या मोलाच्या नोंदीला सनई ऐकवण्यात आली.

दुरुस्तीची कारणं दोनच होती. पहिलं: 'व्यक्तीने नंतर धूम्रपान सुरू केले.' सारिकानं ते करून पाहिलं. पाहणीच्या वेळी तात्या बासष्ट वर्षांचे होते. म्हणजे बासष्टाव्या वर्षी एखाद्या कॉलेजकुमारासारखे ते बिडीला लागले, असं लिहावं लागलं. यंत्रानं हिशेब केला: चौदा वर्षं, रोज एक बंडल, चौदा धूरवर्षं. वीसला सहा कमी. तिनं रोज दोन बंडलं घातली. "बासष्टाव्या वर्षी एकदम रोज एका बंडलापेक्षा जास्त ही माहिती असंभाव्य वाटते," यंत्र म्हणालं. यंत्राचं म्हणणं खरं होतं, याचाच सारिकाला जास्त राग आला.

दुसरं कारण: 'नोंद करणाऱ्याची चूक.' ते निवडलं आणि नियम उघडले. शहरांत लोकांनी फुकट तपासणीसाठी धूरवर्षं वाढवून सांगितली होती, म्हणून आता दुरुस्ती एकाच रीतीनं होई. ज्यानं मूळ नोंद केली त्यानंच, स्वतःच्या आवाजात, त्या माणसाला प्रश्न विचारायचा. त्या माणसानं स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायचं. तीन वेळा संधी. आणि खाली बारीक अक्षरात: चूक मान्य झाल्यास त्या नोंदकर्त्याच्या सर्व नोंदी 'अज्ञात' ठरतील.

सर्व, म्हणजे तीनशे बारा. म्हणजे फलक खाली. आणि त्याच महिन्यात सारिकाचं गटप्रवर्तकपदाचं पत्र यायचं होतं, वीस आशांच्या वरचं पद, जे तिनं वर्षानुवर्षं उन्हातून चालून मिळवत आणलं होतं.

"मीच विचारतो की तात्यांना," कारखान्यात पाळीवर असलेला नवरा फोनवर म्हणाला.

"तुमचा आवाज नाही चालत."

"मग राहू दे. हिरवा लागलाय ना?"

तिनं फोन ठेवून दिला. सासूबाई हौसाबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सून फोनवर असली की त्यांच्या शेंगा नेहमी उंबऱ्यातच फुटत.

"आत्याबाई, तुम्ही तरी सांगा त्यांना. मी विचारलं की हो म्हणा म्हणावं."

"मी सांगतो. पर तुज्यासमोर ते व्हय म्हणायचे न्हाईत." हौसाबाईंनी एक शेंग दातानं फोडली. "माज्या सासऱ्यानं सुदीक माज्यासमोर कबूल केलं न्हाई. दाढी जळाली हुती म्हाताऱ्याची, तरी म्हणाला, चुलीजवळ वाकलो हुतो."

*

बातमी संध्याकाळपर्यंत फुटली, कशी ते विचारण्यात अर्थ नाही. उंबरा रस्त्याला लागूनच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबासो सरपंच ओसरीवर येऊन बसले.

"वहिनी, तात्या आमालाबी बापासारखं. पर एका माणसासाठनं गावाची अब्रू रस्त्यावर मांडायची?"

"सरपंच, वेशीवर बसून चार जण ओढतात. अब्रू रोज सकाळी सात ते नऊ रस्त्यावरच असते."

"ते निराळं. ते फलकाच्या मागच्या बाजूला बसत्यात." सरपंचांनी आवाज खाली घेतला. "आणि तुमचं पत्र? गटप्रवर्तकचं? मी कालच तालुक्याला बोललोय तुमच्यासाठनं."

त्या 'तुमच्यासाठनं'मध्ये सगळं होतं. सरपंच चहा घेऊन गेले. साखर कमी आहे म्हणाले आणि कप पुरा संपवून गेले.

सारिका दिवसभर धुमसत राहिली. राग नेमका कुणाचा करावा, हेच ठरेना. तात्यांचा करावा, तर त्यांनी कधी तिच्यासमोर ओढली नाही, ही त्यांची मर्यादाच होती. यंत्राचा करावा, तर यंत्र खरं तेच मागत होतं. उरलं कोण? चौदा वर्षांपूर्वीची एक अठ्ठावीस वर्षांची बाई, जिनं केरबाअण्णांच्या पाठीमागचा धूर बघितला आणि दहावा प्रश्न विचारला. दिवसभर त्या बाईला शिव्या घालून सारिका थकली.

संध्याकाळी तात्या जेवायला बसले. तिनं भाकरी वाढली, तोंड उघडलं. तात्या लगेच म्हणाले, "आमटी झ्याक झालीया." आयुष्यात त्यांनी कधी आमटीची तारीफ केली नव्हती. म्हातारा घाबरला होता.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला गाडी निघणार होती. अडीचला हौसाबाई तात्यांना घेऊन आल्या. घेऊन आल्या म्हणजे त्यांचा चष्मा स्वतःच्या कमरेला खोचून पुढं चालत आल्या. तात्यांना मागं यावंच लागलं.

गाडीत तात्या खुर्चीवर बसले. सारिका दाराशी उभी, डोक्यावर पदर. डॉक्टरांनी फोन मधे ठेवला आणि दुरुस्ती सुरू केली.

"नोंदकर्त्याने प्रश्न विचारावा," फोन म्हणाला.

सारिकाच्या घशातून काहीतरी आलं, पण त्याला शब्द म्हणता आलं नसतं.

"प्रश्न ऐकू आला नाही. दोन संधी शिल्लक."

"मोठ्यानं, ताई," डॉक्टर म्हणाल्या.

"तात्या, तुम्ही..." ती गाडीच्या तळाकडं बघत म्हणाली, "तुम्ही बिडी ओढता का?"

तात्याही तळाकडंच बघत होते. तळ अगदी स्वच्छ होता. "कधीच न्हाई," ते म्हणाले. बावीस वर्षांची सवय. उत्तर त्यांना विचारून आलंच नाही.

"नोंद कायम, शून्य. एक संधी शिल्लक."

बाहेरून हौसाबाईंचा आवाज आला, "आरं देवा! ह्या माणसाला घेऊन जा कुनीतरी!"

सारिकानं खालचं स्टूल ओढलं. सासऱ्यांसमोर ती कधी बसली नव्हती. ती बसली, थेट समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. पदर डोक्यावरून खांद्यावर घेतला. आता दोघांनाही तळाकडं बघायला जागा राहिली नाही.

"तात्या, परसात जाताना मी बादलीची कडी वाजवते. का वाजवते?"

"म्हाईत हाय मला," तात्या म्हणाले. "तू लई भल्या घरची हाईस."

"भल्या घरची म्हणूनच तुमच्या नावापुढं शून्य लिहिलं. त्या शून्यानं दिवा हिरवा लागलाय. एकसष्ट आकडा आलाय तुमचा. मी त्या दिवशी विचारलं असतं तर आज लाल लागला असता आणि आत काय आहे ते कळलं असतं. आता गाडी दोन वर्षांनी येणार. दोन वर्षं मी ती कडी वाजवत बसू?" तिचा आवाज फाटला. रागानंच फाटला, रडायला तिला सवड नव्हती. "तुम्ही माझ्यासमोर ओढली नाहीत, मी तुमच्यासमोर विचारलं नाही. लई मर्यादा पाळली आपण. आता पुरे."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

"तात्या, तुम्ही बिडी ओढता का?"

तात्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. सुनेसमोर उघड्या डोक्यानं बसायची त्यांचीही पहिलीच वेळ.

"ओढतो," ते म्हणाले.

"किती वर्षे? रोज किती?" फोननं विचारलं.

तात्या बोटं मोजू लागले. बाहेरून हौसाबाई गरजल्या, "अठ्ठावन्न वरसं! रोज दीड बंडल! दिवाळीत दोन!"

"उत्तर फक्त संबंधित व्यक्तीने द्यावे."

"ती म्हणत्या तेच," तात्या म्हणाले. "ती मोजत हुती हे मला ठावं नव्हतं."

सत्त्याऐंशी धूरवर्षं. दिवाळी यंत्रानं सोडून दिली. तात्यांनी पुन्हा फुंकलं नाही, परवाचाच श्वास पुन्हा तोलला गेला, तोच एकसष्ट. दिवा लाल झाला. छेदचित्राचं यंत्र उघडलं, तात्या आडवे झाले, चार मिनिटांत उठले. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक ठिपका होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

"हा कर्करोगच आहे असं आज कुणी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जिल्ह्याला पुढच्या तपासण्या होतील. पण असलाच, तर एवढ्या आकाराचा काढून टाकता येतो. दोन वर्षांनी तो एवढा राहिला नसता. आणि आजोबा, बिडी आजपासून बंद."

तात्यांनी मान डोलावली. असं मान डोलावणं त्यांना फार सोपं जायचं.

सारिकाच्या हातातला फोन थरथरला. यादीतली नावं एकेक करून राखाडी होत होती. केरबा खोराटे, अज्ञात. तीनशे अकरा माणसं, सहा महिन्यांत पुन्हा प्रश्न विचारावा. विचारणार: सारिका चौगले.

*

फलक चौथ्या दिवशी उतरला. खांब तसाच राहिला. म्हाताऱ्यांची काही तक्रार नव्हती, फक्त सावली गेली म्हणाले. गटप्रवर्तकपदाचं पत्र दुसऱ्या गावच्या एका हुशार बाईला गेलं. सरपंचांनी सारिकाला वाटेत बघून न बघितल्यासारखं केलं, आणि त्या घाईत सायकलवरून पडता पडता वाचले.

सारिका विचारत फिरू लागली. आता प्रश्न नववा नव्हता, पहिला होता. आठवड्यात एकोणीस घरं झाली. पदर खांद्यावर, नजर समोर. "बिडी ओढता का?" एकोणीस वेळा "कधीच न्हाई." केरबाअण्णांनी तर देवाची शपथ घेतली, आणि शपथ घ्यायला हात वर केला तेव्हा बोटांवरचे पिवळे डाग उन्हात लख्ख दिसले. एकोणीस खऱ्या प्रश्नांना एकोणीस खोटी उत्तरं. चौदा वर्षांपूर्वी निदान विचारायचे कष्ट तरी वाचले होते.

त्या दिवशी ती पायताण काढून तशीच घरात शिरली, तशीच परसाकडं निघाली. बादली दाराशी होती. तिनं बादलीकडं पाहिलंसुद्धा नाही. दार उघडलं.

न्हाणीच्या भिंतीआड तात्या उकिडवे बसले होते, हातात बिडी. तिला बघताच त्यांनी मूठ मिटली. मग चटका बसला म्हणून उघडली. बिडी मातीत पडली आणि तिथंच धुमसत राहिली.

"कडी वाजली न्हाई आज," तात्या म्हणाले. तक्रारच होती ती.

"आता वाजायची नाही."

तात्यांनी तळहात फुंकला. लाल ठिपका उठला होता.

"कितवी?" सारिकानं विचारलं.

आधी त्यांच्या तोंडावर तेच जुनं 'कधीच न्हाई' येऊन उभं राहिलेलं तिला दिसलं. तात्यांनी ते गिळलं.

"चौथी."

"काल?"

"अकरा." मग जरा थांबून, "परवा विचारू नको."

राग आला होता तो होताच, गेला नाही. डॉक्टरांनी बजावूनही म्हातारा ओढत होता; जिल्ह्याची तारीख सोमवारवर आली होती. पण आठवड्यात वीस माणसांना विचारलं, त्यांतल्या एकानं आकडा दिला होता. तिनं कमरेची वही काढली आणि तात्यांच्या देखत लिहिलं: चार. मग पायानं बिडी विझवली.

"बंडल द्या."

"दोनच हाईत त्यात."

"द्या."

तात्यांनी बंडीच्या खिशातून बंडल काढलं. बावीस वर्षांत प्रथमच सुनेच्या हातात ते त्यांच्या हातानं गेलं. देताना त्यांची मान आपोआप दुसरीकडं वळली. तेवढी मर्यादा अजून उरली होती.

"केरबा काय म्हणाला?" भिंतीकडं बघतच त्यांनी विचारलं.

"कधीच न्हाई म्हणाले. शपथ घेतली."

"उद्या मी येतो संगं." तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. "माज्यासमोर घेऊ दे म्हणावं शपथ. त्याची पयली बिडी मीच पेटवून दिल्याली हाय."